वज्रबाहू मागे का वळला?

खुर्चीवर बसण्याआधी चष्मेवाल्याने ती रुमालाने पुसली, आणि तेवढ्यानेच तो बाईंच्या मनातून उतरला.

"पोलिसांना वाटतंय, मीच बायकोच्या डोक्यात घातलं," तो म्हणाला.

"घातलंत का?"

"छे! काहीतरीच काय!"

"मग घाम का पुसताय? पंखा चालू आहे."

विमा कंपनीत लोकांचे खोटे दावे पकडण्यात बाईंची उमेदीची वर्षं गेली होती. तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत स्वतःची तपाससंस्था काढली. संस्था म्हणजे त्या आणि त्यांचे धाकटे दीर. भावजी पोस्टातून निवृत्त झालेले, मनाने निर्मळ, आणि बुद्धीने, बाईंच्याच शब्दांत सांगायचं तर, साध्या टपालाने येणारे.

चष्मेवाल्याने हकिकत सांगितली. त्याची बायको दातांची डॉक्टर. तळमजल्यावर दवाखाना, वरच्या मजल्यावर घर. रविवारी दवाखाना बंद असतो, पण ती खाली बसून पेशंटच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओतते. त्या रविवारी जेवण झाल्यावर चष्मेवाला आपल्या चष्म्याच्या दुकानात गेला, शटर अर्धं ओढून झोपला आणि संध्याकाळी परतला. बायको दवाखान्यात पालथी पडली होती. घाव मागून घातलेला. ती जिवंत होती, पण अजून शुद्धीवर आली नव्हती. दवाखान्याचं कुलूप कुणी तोडलेलं नव्हतं. ड्रॉवर उपसलेले होते, पण चोरीला एकच वस्तू गेली होती. फळीवरच्या रांगेतला एक प्लास्टरचा जबडा.

"तो विटेसारखा घट्ट असतो," चष्मेवाला म्हणाला. "पोलिसांनी दवाखाना आणि आजूबाजूची गल्ली पालथी घातली. सापडला नाही."

"घरात कोण होतं?"

"सासूबाई आणि मेहुणा. दोघंही असून नसल्यासारखे." त्याने तोंड वाकडं केलं. "मेहुणा म्हणजे तिशी उलटलेला घोडा. दिवसभर कॉम्प्युटरवर गेम खेळतो. अग्निदुर्ग नाव आहे गेमचं. जगभरचे रिकामटेकडे एकाच वेळी त्यात शिरतात, खोटी नावं घेतात, राक्षस मारतात. आमचे साहेब तिथे टोळीचे सेनापती. नाव वज्रबाहू! घरात स्वतःचं ताट उचलत नाहीत आणि तिथे ढाल उचलून फिरतात."

"आणि त्या दुपारी?"

"लढत होता. सोनेरी अजगर पाडला ना त्यांनी त्या दिवशी. वज्रबाहू सुरुवातीपासून शेवटपर्यंत मैदानात होता. अख्ख्या टोळीने पाहिलं, कुणीतरी व्हिडिओही टाकला. पोलिसांनी तो बघितला आणि त्याचा नाद सोडला. राहिलो मी!"

"सासूबाई?"

"त्यांना काय कळतंय! त्यांचं काम एकच, माझ्याकडून चष्मे करून घेणं. एक वाचायचा दिला, एक लांबचा दिला. आता मध्येच म्हणायला लागल्या, हातभर अंतरावरचं नीट दिसेल असा तिसरा द्या. कशाला, तर भाजी निवडायला! म्हटलं, घ्या बाई. घरचंच गिऱ्हाईक."

तो गेल्यावर भावजी हळहळले. "बिचारा."

"बिचारा कसला? खोटं बोलून गेला."

"कधी?"

"मेहुण्याच्या खेळाचा एवढा तिटकारा, मग अजगराचा रंग कसा माहीत? पोलीस काय अजगराचा रंग सांगत बसले असतील?"

भावजींनी मान डोलावली. हे त्यांना आत्ता कळलं होतं, पण चेहरा मात्र मघाशीच कळल्यासारखा.

*

डॉक्टरीणबाईंच्या घराची बेल भावजींनी आधी एकदा वाजवली, मग बोट दुखेपर्यंत वाजवली. आतला कर्कश आवाज जिन्यापर्यंत येत होता. दार कुणी उघडेना. शेवटी बाईंनी ढकललं, तर ते नुसतंच लोटलेलं होतं.

आत एक बारीक चणीची म्हातारी ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून कप विसळत होती. सावली पडली तशी ती दचकली आणि वळली.

"आम्ही तुमच्या जावयांकडून आलोय," भावजी म्हणाले.

तिने त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. मग म्हणाली, "बसा ना."

ती डॉक्टरीणबाईंची आई. बोलताना ती समोरच्याच्या ओठांवरची नजर हलवत नव्हती. भावजी मध्येच खिडकीकडे तोंड करून काहीतरी म्हणाले, ते तिच्यापर्यंत पोहोचलंच नाही.

"ताई, त्या दुपारी तुम्ही कुठे होता?" बाईंनी विचारलं.

"माझ्या खोलीत पडले होते." तिने बोट दाखवलं. ती खोली नव्हतीच. जुन्या सुटकेसेस आणि मोडक्या टेबलफॅनच्या मधोमध एक खाट घातलेली अडगळ होती. खिडकी नाही. पलीकडे मुलाची खोली.

"खालून काही ऐकू आलं?"

"नाही हो. मुलगा मात्र खोलीतच होता. दुपारभर त्याच्या बटणांची टकटक येत होती भिंतीपलीकडून." हे सांगताना तिने पहिल्यांदाच नजर खाली नेली.

"तुम्हाला तो गेम कळतो?"

"मला कुठलं काय कळतंय," ती म्हणाली आणि विसळलेले कप पुन्हा विसळायला घेतले.

सेनापतींची खोली घरातली सगळ्यात मोठी होती. तीन खिडक्या, तिन्हींचे पडदे ओढलेले. मोठ्या स्क्रीनसमोर गुबगुबीत खुर्ची, टेबलावर खाऱ्या शेंगदाण्यांची टरफलं, उष्टे ग्लास. टेबलाखालची कचऱ्याची बादली मात्र लख्ख रिकामी. सेनापती खुर्चीत पसरले होते, कानांवर हेडफोन, आणि तोंडापुढच्या माइकमध्ये कुणाच्या तरी आईवडिलांचा उद्धार चालला होता.

"नवा वाटतं हेडफोन," बाई म्हणाल्या.

"नवा? कॉलेजपासूनचा आहे. अस्सल माल. एक दिवस दगा दिलेला नाही." त्याने तो गळ्यात उतरवला. "विचारा काय ते. मला लवकर परत जायचंय."

"कुठे?"

त्याने स्क्रीनकडे बोट केलं. तिथे ढाल घेतलेला एक पिळदार पुरुष बर्फात उभा राहून श्वास घेत होता. खुर्चीतल्याचं पोट आणि त्याचं पोट, दोन्हीकडे बाईंनी एकेकदा पाहिलं.

"बहिणीशी भांडण होतं?"

"भावाबहिणीत व्हायचंच. पण मी इथे होतो. व्हिडिओ बघा. आणि खरं सांगू? दाजींना विचारा. ते दुकानात काय करतात कुणाला ठाऊक."

भावजींना खेळात भलताच रस वाटायला लागला होता. "ही ढाल वगैरे विकत मिळते का हो?"

"बनवावी लागते. खाणीत जाऊन लोखंड खणायचं, रानात जाऊन औषधी पाला गोळा करायचा. तासन्‌तास. महाकंटाळवाणं काम." सेनापतीने हात झटकला. "असली हमाली मी करत नाही. माझी कोठारं भरलेलीच असतात."

"ती कशी भरतात?"

"भरतात." त्याने खांदे उडवले.

"आई मदत करते वाटतं?" बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

तो मोठ्याने हसला. "आई? तिला टीव्हीचा रिमोट कळत नाही."

जिना उतरताना भावजी म्हणाले, "माणूस उद्धट आहे, पण खोलीतून हलला नाही हे खरं."

"वज्रबाहू मैदानातून हलला नाही," बाई म्हणाल्या. "खुर्चीतलं पोट हललं का, ते कुणी पाहिलंय?"

*

दवाखान्याची एक किल्ली डॉक्टरीणबाईंकडे, एक वर घरात आणि तिसरी मदतनीस मुलीकडे असायची. ती फळीवरचे जबडे पुसत होती, आणि बाईंना पाहताच आणखी जोरात पुसायला लागली.

"रविवारी दुपारी कुठे होतीस?"

"घरी."

"तुझ्या घरी विचारून आलेय मी."

बाई कुठेच गेल्या नव्हत्या. मुलगी मात्र रडायला लागली. ती दुसऱ्या एका दातांच्या डॉक्टरांकडे नोकरी मागायला गेली होती. दुपारभर त्यांच्याच दवाखान्यात बसली, काम करून दाखवलं. डॉक्टरीणबाईंना कळलं तर काय वाटेल म्हणून ती लपवत होती. बाईंनी तिथल्या तिथे त्या डॉक्टरांना फोन लावला. गोष्ट खरी निघाली.

"नोकरी का सोडायची होती?"

"बाई कडक आहेत हो. पण वाईट नाहीत." तिने नाक पुसलं. "त्या शनिवारीच भावाशी किती भांडल्या! इथेच. म्हणाल्या, महिनाअखेर घर सोड, काम शोध. तुझी खोली मी आईला देणार. आई अडगळीत झोपते आणि तू तीन खिडक्या बंद करून बसतोस, लाज नाही वाटत?  त्यावर तो नुसता हसला."

"आईला हे माहीत होतं?"

"नसावं. बाई म्हणत होत्या, खोली रंगवून झाली की सांगेन."

बाईंनी फळीवरची मोकळी जागा पाहिली. दोन्ही बाजूंचे जबडे वासून उभे होते.

*

चष्मेवाल्याला त्यांनी त्याच्याच दुकानात गाठलं. काउंटरमागे पडदा होता. तो काही म्हणायच्या आत बाईंनी तो बाजूला सारला. मागे एक खुर्ची, एक लॅपटॉप, आणि लॅपटॉपवर केसांत फुलं माळलेली, हातात धनुष्य घेतलेली एक नाजूक तरुणी.

"ही कोण?"

चष्मेवाल्याचे कान लाल झाले. "मी."

भावजींना खोकल्याची उबळ आली.

"चार माणसांत मेहुण्याला नावं ठेवायची आणि शटर ओढून स्वतः हे करायचं," बाई म्हणाल्या. "पोलिसांना सांगितलं असतंत तर संशय तरी गेला असता."

"कसं सांगू? बायकोला कळलं असतं तर? मेहुण्याला? माझं नाव इथे रानफूल आहे हो!" तो मटकन बसला. "त्याच्याच टोळीत शिरलो, गुपचूप. त्याला माहीत नाही. म्हटलं, बघावं तरी एवढं काय आहे त्यात. मग सुटेना."

"आता त्या दुपारचं सगळं सांगा. गाळू नका."

आणि चष्मेवाला सांगायला लागला. सांगता सांगता त्याचा आवाज बदलला, पाठ सरळ झाली. सकाळीच सेनापतीने सगळ्या टोळीला लिहून कळवलं होतं, माइक बिघडलाय, आज लिहूनच हुकूम देईन. दुपारी हल्ला सुरू झाला. सुरुवातीला नेहमीसारखीच शिवीगाळ, फक्त लेखी. मग पुलावर आग पेटली. टोळी पुढे गेली आणि रानफूल मागे राहिलं, एका पायाने जखमी.

"मागे राहिला त्याला सोडून जायचं, हा वज्रबाहूचा कायदा. मी म्हटलं, संपलं आपलं. तर काय सांगू, वज्रबाहू मागे वळला! अख्खी टोळी पुढे, आणि तो एकटा पूल ओलांडून परत आला. माझ्यापुढे ढाल धरून उभा राहिला. मला पाला दिला, जखम भरेपर्यंत हलला नाही. आणि मला एकट्याला निरोप पाठवला." त्याने मोबाइल काढला. "फोटो काढून ठेवलाय मी. हसू नका. माझ्यासाठी असं कधी कुणी थांबलं नव्हतं."

बाईंनी वाचलं. 'घाबरू नका. सावकाश या. मी इथेच थांबले आहे.'

"मग?"

"मग किल्ल्यात पोचलो. तिथे पुन्हा मूळ पदावर! अजगर पडल्यावर सगळ्यांना लिहिलं, गाढवांनो, माझ्यामुळे जिंकलात. रविवारनंतर माइकवरही तेच. पण मी त्याला मनातून माफ केलं. म्हटलं, आत कुठेतरी माणूस आहे."

बाईंनी मोबाइल परत दिला नाही. तो फोटो त्या पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या.

परतताना भावजी एकदम थांबले. "वहिनी! थांबले आहे! 'थांबलो' नाही. बाईमाणूस होतं ते! ती मदतनीस मुलगीच खेळत होती!"

"ती त्या वेळी परक्या डॉक्टरसमोर कुणाचा तरी जबडा ओतत होती. मघाशी फोन मी केला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"तिथेच होतो."

"म्हणजे असून नसल्यासारखे," बाई म्हणाल्या आणि इन्स्पेक्टरचा नंबर फिरवला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती सगळे जमले. इन्स्पेक्टर कंटाळलेले होते. चष्मेवाला नखं खात होता. सेनापती हेडफोन गळ्यातच घेऊन आला होता, जणू बोलावणं आलं की थेट युद्धावर. आई कडेला उभी होती. तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं.

बाईंनी तिला बसवलं. मग स्वतःची खुर्ची तिच्यासमोर ओढली आणि बाकी सगळ्यांकडे पाठ करून बसल्या.

"ताई, माझ्या ओठांकडे बघा. मी हे तुम्हाला सांगतेय. बाकीच्यांनी ऐकलं तर ऐकलं."

आईने हात मांडीवर घट्ट धरले.

"तुम्ही म्हणालात, भिंतीपलीकडून बटणांची टकटक ऐकू येत होती. तुम्हाला दाराची बेल ऐकू येत नाही. म्हणजे तुम्ही खोटं बोललात. मुलासाठी बोललात, हे उघड आहे. पण मला कोडं पडलं ते वेगळंच. वज्रबाहू मैदानात असल्याची साक्ष अख्खी टोळी देत होती. मग त्याला बहिऱ्या आईच्या साक्षीची गरज का पडावी? कारण तो खोलीत नव्हता, हे आईला पक्कं ठाऊक होतं."

"काय बडबडताय!" सेनापती म्हणाला. "व्हिडिओ आहे!"

बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. "व्हिडिओत ढालवाला दिसतो. ढाल कोण हलवतंय ते दिसत नाही. लढाईच्या सुरुवातीला शिव्या आहेत, शेवटी शिव्या आहेत. मध्ये पुलावर मात्र वज्रबाहू एका जखमी पोरीसाठी मागे वळतो. जो आपल्या उष्ट्या ग्लासासाठी खुर्चीतून वळत नाही, तो? आणि लिहितो काय? 'सावकाश या.' टोळीत गाढवाशिवाय दुसरं संबोधन नाही, आणि इथे अहोजाहो. पुढे लिहितो, 'मी थांबले आहे.' पुरुषाच्या हातून हे चुकून लिहिलं जात नाही. ते एका बाईने लिहिलं. अनोळखी माणसाला अहो म्हणणाऱ्या, जरा वयस्क बाईने. घरात तेव्हा दोनच बायका होत्या. एक खाली दवाखान्यात होती."



"आई?" सेनापती हसला. "अहो, तिला..."

"रिमोट कळत नाही. सांगितलंत तुम्ही. ताई, तुमच्या जावयांनी तुम्हाला तिसरा चष्मा करून दिला, हातभर अंतरावरचा. भाजी कुणी हातभर लांब धरून निवडत नाही. तेवढ्या अंतरावर स्क्रीन असते. तुमचा मुलगा म्हणतो, खाणीतली हमाली मी करत नाही, कोठारं आपोआप भरतात. त्याचं ताटही आपोआप उचललं जातं, बादलीही आपोआप रिकामी होते. त्याच्या आयुष्यात जे जे आपोआप होतं, त्याला बहुतेक आई म्हणतात. तो झोपला की तुम्ही त्याच्या खुर्चीत बसून लोखंड खणत होता. घरात राबायचं ते राबायचं, आणि खोट्या जगातही त्याच्याचसाठी राबायचं!"

"मला आवडायचं," आई एकदम म्हणाली. बहिऱ्या माणसाचा असतो तसा तिचा आवाज जरा मोठा लागला. "तिथे सगळे लिहून बोलतात. कुणाला दोनदा सांगावं लागत नाही."

चष्मेवाल्याने नख चावायचं थांबवलं. तो सासूकडे पाहत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की पुलावर कोण उभं होतं ते त्याला आत्ता दिसलंय.

"रविवारी काय म्हणाला तो?" बाईंनी विचारलं.

"म्हणाला, कुरिअरवाला आलाय खाली, जरा धर. पुढे चालत राहा, बाकी काही करू नको." ती थांबली. "ते मूल मागे राहिलं होतं. मला वाटलं, लहान मुलगी आहे. पुढे कशी जाऊ?"

"आई, गप्प बस!" सेनापती ओरडला. ती बाईंकडेच बघत होती.

"नंतर तुम्हाला कळलं," बाई म्हणाल्या. "तरी गप्प राहिलात. का?"

"रागाचा आहे हो तो. लहानपणापासून. वाटलं, दोघं भांडले असतील, हात उठला असेल. रागाच्या भरात माणूस..." तिने डोळे पुसले. "लेक तशी पडलेली. मुलगाही गेला तर माझं कोण?"

बाई जरा पुढे झुकल्या. इतका वेळ धारदार असलेला त्यांचा आवाज खाली आला, पण शब्द त्यांनी एकेक सुटा केला.

"ताई, ते रागाच्या भरात झालेलं नाही. त्या दिवशी सकाळीच, जेवणाच्याही आधी, त्याने सगळ्या टोळीला लिहिलं होतं की माइक बिघडलाय, आज फक्त लिहून बोलेन. माइक बिघडला नव्हता. त्याने एक दिवस दगा दिलेला नाही, असं तो मला स्वतः म्हणाला. मग हे का लिहिलं? कारण दुपारी त्या खुर्चीत तुम्ही बसणार होता. तुम्हाला कानात काही ऐकू येणार नाही, आणि तुमचा आवाज कुणाला ऐकू जायला नको. दुपारी खाली जाऊन काय करायचं, ते त्याने सकाळी ठरवलं होतं. आणि आपली साक्ष म्हणून तुम्हाला बसवलं होतं."

आई जावयाकडे वळली. "सकाळी लिहिलं होतं?"

चष्मेवाल्याने तिच्याकडे नीट तोंड करून, सावकाश सांगितलं, "हो आई. सकाळी. मलाही आलं होतं."

"आणि भांडण कशावरून होतं माहीत आहे?" बाई म्हणाल्या. "तुमच्या लेकीला त्याची खोली तुम्हाला द्यायची होती. तीन खिडक्यांची."

 आई उठली, अडगळीत गेली आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. तिने ते इन्स्पेक्टरांसमोर ठेवलं. टॉवेल उलगडला तशी आतून पांढरी भुकटी सांडली. प्लास्टरचा जबडा, एका कडेला सुकलेलं रक्त.

"बादलीत होता," ती म्हणाली. "टरफलांच्या खाली."

"बादलीत!" इन्स्पेक्टर खुर्चीतून उठले. "म्हणजे याने स्वतःच्या खोलीतल्या कचऱ्यात..."

"त्यात नवल काय," बाई म्हणाल्या. "कचरा पुढे कुठे जातो, हे या माणसाला जन्मात ठाऊक नाही. टाकलं की नाहीसं होतं, एवढीच त्याची समजूत. तो कुणीतरी उचलतो, उचलताना बघतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मी बरेच गुन्हेगार पाहिलेत. लबाड पाहिले, क्रूर पाहिले. पण आपल्या गुन्ह्याचा कचराही आईने काढावा, असा ऐदी हा पहिलाच."

"आई! आई, सांग त्यांना, तू चुकीचं..." सेनापती टेबलावर हात आपटत होता. आईने त्याच्याकडे पाठ फिरवली. त्यामुळे पुढे तो काय काय बोलला, ते तिच्यापर्यंत गेलंच नाही. इन्स्पेक्टरांनी त्याचा दंड धरला, तेव्हा तो चष्मेवाल्याला म्हणत होता, "दाजी, निदान गेम बंद तरी करून या. वज्रबाहू उघड्यावर उभा आहे, कुणीतरी मारून टाकेल."

 भावजींनाही किळस आली.

*

काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाई शुद्धीवर आल्या. उजवा हात उचलत नव्हता, शब्द तोंडातल्या तोंडात फिरत होते, पण नजर स्वच्छ होती. नवऱ्याने त्यांना सगळं सांगितलं. रानफुलासकट.

बाई आणि भावजी हॉस्पिटलात गेले तेव्हा आई वॉर्डच्या दाराबाहेर बाकावर बसली होती. रोज येते आणि इथेच बसते, असं नर्सने सांगितलं.

बाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. "आत का जात नाही?"

"काय सांगू तिला? ती तशी पडलेली असताना मी तो जबडा टॉवेलात गुंडाळून ठेवला. माझ्या खाटेखाली."

"हेच सांगा."

"माफ करेल का ती?"

"मला नाही वाटत," बाई म्हणाल्या. "मी केलं नसतं."

भावजी चपापले. "वहिनी, अहो..."

पण आईने मान हलवली. बऱ्याच दिवसांनी कुणीतरी आपल्याशी सरळ बोललं, तशी ती उठली आणि आत गेली.

काचेतून दोघांना दिसत होतं. लेकीने आईला पाहिलं. डावा हात पांघरुणाखाली ओढून घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. तशीच राहून ती काहीतरी बोलली. ओठ दिसत नव्हते, म्हणजे आईला एक अक्षरही कळलं नसणार.

आईने कोपऱ्यातलं स्टूल उचललं. पलंगाला वळसा घालून ती भिंत आणि पलंग यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शिरली, जेमतेम मावली, आणि लेकीच्या तोंडासमोर बसली.

"पुन्हा बोल," ती म्हणाली. "मला दिसलं नाही."